सागाचीं पानें खाणारी कीड व तिची पाहणी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस नंदुरबार जिल्ह्यांतील कळसाडी येथून एका वाचकांचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या शेताच्या बांधावर सागाचीं सुमारें साठ झाडें आहेत. धाकट्या मुलीच्या जन्माच्या वर्षीं त्यांनीं तीं लावलीं. आज तीं दहा वर्षांचीं आहेत व मुलीच्या लग्नकार्यास तीं उपयोगी पडावीं अशी त्यांची इच्छा आहे. भाद्रपद महिन्यांत त्या झाडांचीं पानें जाळीसारखीं झालीं व सर्व बांध वणवा लागून गेल्यासारखा तांबूस दिसूं लागला. सातपुड्याच्या उतारावरील सागाचें रानही त्याच वेळीं तसेंच दिसत होतें. दुकानदारानें एक भारी किंमतीचें औषध सुचविलें होतें. तें मारावें कीं नाहीं, आणि झाडें जगतील कीं नाहीं, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न लहान दिसतो; परंतु परत टपालीं त्याचें उत्तर देणें आम्हांस साधलें नाहीं. आम्हीं त्यांस उलट तीन गोष्टी विचारल्या. खाल्लेलीं पानें कोवळीं होतीं कीं जून ? खाल्लेल्या पानाच्या शिरा शिल्लक होत्या काय ? आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसांत, म्हणजे नवी पालवी फुटली त्या वेळीं, झाडांची स्थिति कशी होती ? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्यांनीं व्यवस्थित पाठविलीं. तिसऱ्यास मात्र उत्तर आलें तें असें : "त्या दिवसांत पेरणीची घाई असते, झाडांकडे पाहण्यास सवड कोणास?"

या एका वाक्यांत वनवृक्षांच्या किडींचा सर्व प्रश्न सांठवलेला आहे, असें आम्हांस वाटतें. जी हानि डोळ्यांस खुपते ती पुष्कळदां लहान असते, आणि जी मोठी असते ती कोणी पाहिलेली नसते. म्हणून प्रस्तुत लेखांत औषधापेक्षां पाहणीचाच विचार विस्तारानें केला आहे.

दोन अळ्या, दोन खुणा

सागाचीं पानें खाणाऱ्या किडी अनेक आहेत. तथापि आपल्या देशांत मुख्य त्या दोन. दोन्ही पतंगांच्या अळ्या आहेत व दोहोंसही लोक "सागावरची अळी" या एकाच नांवानें ओळखतात. गोंधळाचें मूळ येथेंच आहे.

पहिली पान फस्त करणारी अळी. शास्त्रांत हिच्या पतंगास हिब्लिया प्युएरा असें म्हणतात. पतंगाचे पुढचे पंख करड्या-तपकिरी रंगाचे असून मागच्या काळ्या पंखांवर नारिंगी-पिवळे पट्टे असतात. तो बसला म्हणजे हे पट्टे झांकले जातात. मादी कोवळ्या पानांवर एक एक सुटें अंडें घालते व एका मादीचीं अंडीं कित्येक शेंकडे भरतात. दोन दिवसांत अळी बाहेर पडते. प्रथम ती पानाचा पृष्ठभाग खरवडते. थोडी मोठी झाल्यावर पानाची कड कातरून ती दुमडते व त्या घडीच्या आडोशास राहून खाते. कडेस अशा दुमडी दिसल्या म्हणजे ही अळी आली असें निश्चित समजावें. दहा ते चौदा दिवसांत तिची वाढ पुरी होते व ती रेशमासारख्या धाग्यानें खालीं उतरून पालापाचोळ्यांत किंवा मातीच्या वरच्या थरांत कोश करते. आठवड्याभरानें कोशांतून पतंग निघतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा अनुकूल हवेंत तीन आठवड्यांच्या आंतबाहेर पुरा होतो. ही अळी कोवळें पान पसंत करते व मुख्य शिरांखेरीज कांहीं शिल्लक ठेवीत नाहीं.

दुसरी पानाची जाळी करणारी अळी. शास्त्रीय नांव युटेक्टोना मॅकेरॅलिस. हिचा पतंग लहान व पिवळसर असून त्याच्या पंखांवर तांबूस नागमोडी रेषा असतात. अळी पानावर विरळ जाळें विणून त्याच्या आश्रयानें राहते व शिराशिरांमधील हिरवा गर तेवढा खाते. लहानमोठ्या सर्व शिरा शिल्लक राहिल्यामुळें पान उजेडास धरलें तर चाळणीसारखें दिसतें. हिची आवड जून पानांची. म्हणून हिचा जोर आपल्याकडे मघा नक्षत्रापासून हस्तापर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, विशेष दिसतो.

कळसाडीच्या वाचकांनीं पाठविलेलें वर्णन या दुसऱ्या अळीशीं तंतोतंत जुळतें.

नुकसान किती व कोणतें

पानें गेलीं म्हणजे झाड मेलें, असें सागाच्या बाबतींत सहसा होत नाहीं. तो पुन्हां पालवतो. परंतु ही दुसरी पालवी फुकट येत नाहीं. बुंध्यांत व मुळांत सांठविलेल्या अन्नांतून तिचा खर्च भागतो. जें अन्न लाकूड होण्यास लागावयाचें तें पुन्हां पान करण्यांत जातें. शिवाय कोवळ्या झाडाचा शेंडाच खाल्ला गेला तर त्याच्या जागीं दोन फांटे फुटतात व सरळ सोट मिळण्याची आशा मावळते.

ही हानि मोजण्याचा उत्तम प्रयत्न केरळांतील निलंबूर येथें झाला. सागाची लागवड करण्यास जेथें १८४० नंतरच्या दशकांत आरंभ झाला तेंच हें गांव. पीची येथील केरळ वनसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तेथील कोवळ्या सागाच्या कांहीं तुकड्यांचें अळीपासून फवारणीनें रक्षण केलें व कांहीं तुकडे तसेच ठेवले. रक्षण केलेल्या झाडांची वाढ वर्षास हेक्टरीं ६.७ घनमीटर भरली. न रक्षिलेल्यांची ३.७. म्हणजे मिळावयाच्या लाकडापैकीं सुमारें ४४ टक्के लाकूड अळीच्या पोटीं गेलें. आणि यांतील एकही झाड अळीनें मेलेलें नव्हतें ! दिसण्यांत रान हिरवें होतें. तूट वाढींत होती. जो मनुष्य केवळ मेलेलीं झाडें मोजील त्यास ही तूट कधींही कळावयाची नाहीं.

याच प्रयोगांतून दुसरी एक गोष्ट निघाली व ती आपल्या प्रश्नास फार महत्त्वाची आहे. ही सर्व हानि पान फस्त करणाऱ्या पहिल्या अळीची होती. जाळी करणाऱ्या दुसऱ्या अळीनें वाढींत लक्षांत येण्याजोगी घट केल्याचें आढळलें नाहीं. कारण ती आली तेव्हां पानांचें वर्षाचें काम बहुतेक आटोपलेलें होतें व तीं गळण्याच्या वाटेवर होतीं. निलंबूरचा ओला प्रदेश व आपला कोरडा खानदेश यांत अंतर आहे, हें आम्ही विसरत नाहीं. मध्य भारतांतील रानांत जाळी करणारी अळी लवकर व मोठ्या प्रमाणांत आली तर तीही उपेक्षणीय नव्हे. पण हस्ताच्या सुमारास जाळी झालेल्या पानांसाठीं औषधावर पैसा घालणें हें मळणी झाल्यावर राखण बसविण्यासारखेंच होय.

सालच्या रानाचा धडा

वेळेवर पाहणें व उशीरां पाहणें यांत केवढें अंतर पडतें, याचें उदाहरण आपल्या जिल्ह्यांत नव्हे, पण सातपुड्याच्याच पूर्वेकडील टोंकास सांपडतें. मंडला-दिंडोरी भागांत सालवृक्षांचीं मोठीं रानें आहेत. सालाचा वैरी म्हणजे हॉप्लोसेरँबिक्स नांवाचा लांब मिशांचा भुंगेरा. पहिल्या जोराच्या पावसाबरोबर हे भुंगेरे बाहेर पडतात व मादी सालीच्या भेगांत अंडीं घालते. तिच्या अळ्या प्रथम सालीखालीं व मग थेट गाभ्यांत शिरतात. साग पानें गेल्यावर पुन्हां पालवतो. सालाच्या गाभ्यांत पुष्कळ अळ्या शिरल्या कीं तें झाड वांचत नाहीं. बुंध्याशीं भुशाचा ढीग दिसूं लागतो तेव्हां बहुधा वेळ निघून गेलेली असते.

१९२३ ते १९२८ या वर्षांत या किडीनें त्या भागांतील लाखों झाडें मारलीं. पुढें १९९७-९८ च्या सुमारास पुन्हां तशीच सांथ आली, व लागलेलीं झाडें तोडून रानाबाहेर काढण्याचें मोठें काम सरकारास करावें लागलें. कोणतीं झाडें तोडावीं, किती तोडावीं, यावर त्या वेळीं मोठा वाद माजला. लाकडाच्या किंमतीपेक्षां त्या रानावर पोट असणाऱ्या लोकांचें जें गेलें त्याचा हिशोब कोणत्याही वहींत नाहीं.

या भुंगेऱ्यांवर जो उपाय लागू पडला आहे तो शास्त्रज्ञ व ग्रामस्थ यांनीं मिळून करावयाचा आहे. पावसाच्या आरंभीं सालाचें एखादें झाड पाडून त्याचे ओंडके करतात व त्यांचीं टोंकें ठेंचून रस बाहेर काढतात. त्या रसाच्या वासानें दूरदूरचे भुंगेरे जमतात, रस पिऊन झिंगतात व मग हातानें वेंचून मारतां येतात. १९९७-९८ च्या सांथींत ग्रामस्थांस भुंगेऱ्यांच्या संख्येवर मोबदला देण्यांत आला. यांत ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, हाच सांपळा किडीची मोजणीही करतो. नेहमींच्या वर्षीं किती भुंगेरे येतात याची नोंद असेल तर यंदां ते वाढले किंवा कसें हें पहिल्या पंधरवड्यांतच कळतें. नोंद नसेल तर झाडें वाळूं लागेपर्यंत कांहींच कळत नाहीं.

आजपर्यंतचें संशोधन

सरकारनें रानें राखण्यास आरंभ केला त्यास पुष्कळ काळ लोटला. मुंबई इलाख्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक १८४७ सालीं झाली. परंतु किडींचा शास्त्रशुद्ध अभ्यास त्यानंतर बऱ्याच काळानें, १९०६ सालीं डेहराडून येथें वनसंशोधन संस्था स्थापन झाल्यावर, सुरू झाला. तेथील ई. पी. स्टेबिंग यांनीं १९१४ सालीं भुंगेरावर्गांतील वनकीटकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, व सी. एफ. सी. बीसन यांनीं १९४१ सालीं किडींचें जीवन व बंदोबस्त यांवर दुसरा. हे ग्रंथ अभ्यासकांस अद्यापि उपयोगी पडतात. आपल्या भागास जवळची संस्था म्हणजे १९८८ सालीं स्थापन झालेली जबलपूरची उष्णकटिबंधीय वनसंशोधन संस्था. महाराष्ट्रांतील वनवृक्षांचे प्रश्न तिच्या कक्षेंत येतात.

मध्यंतरीं औषधाच्या सामर्थ्यावर फाजील विश्वास ठेवण्याचाही एक काळ येऊन गेला. १९६५ सालीं केरळांत कोन्नी येथें सागाच्या रानावर विमानांतून एंड्रिन या जहाल विषाची फवारणी करून पाहण्यांत आली. तें विष पुढें भारतांत बंद झालें. रानावर विष टाकलें तर तें अळीबरोबर तिच्या शत्रूंसही मारतें, ओढ्याच्या पाण्यांत उतरतें व मोहाच्या फुलांपर्यंत जातें, हें आतां सर्वमान्य आहे.

अळीचे शत्रु पुष्कळ आहेत. पक्षी तर आहेतच. पण ट्रायकोग्रामा नांवाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यांतच आपलें अंडें घालते व अळी जन्मास येण्यापूर्वींच तिचा नाश करते. ऊंस व कापूस करणारे शेतकरी या माशीचीं कार्डें ओळखतात. सागावरील अळ्यांसाठीं तिच्याच जातींतील एक माशी सोडण्याचे प्रयोग जबलपूरच्या संस्थेनें केले आहेत. केरळच्या संस्थेनें पान फस्त करणाऱ्या अळीस होणारा एक विषाणूचा रोग शोधून काढला असून तो तिलाच होतो. रोगी अळी मऊ पडून तिचें पाणी होतें, व तें पानावर सांडून इतर अळ्यांस रोग लागतो. हे उपाय चांगले. परंतु ते अळी लहान असतांना, किंबहुना अंड्यांतच असतांना, योजावे लागतात. म्हणजे पुन्हां प्रश्न वेळेवर पाहण्याचाच आला.

केरळांतील अभ्यासानें असेंही दाखविलें आहे कीं, ही सांथ एकदम सर्व रानभर सुरू होत नाहीं. पावसाच्या आरंभीं पतंगांचे थवे एक-दीड हेक्टराच्या लहान लहान तुकड्यांत अंडीं घालतात व तेथील पुढची पिढी मोठ्या क्षेत्रावर पसरते. हे पहिले तुकडे त्या पंधरा दिवसांत हातीं लागले तर थोड्या श्रमांत काम भागतें. पण हजारों हेक्टरांच्या रानांत असे तुकडे शोधावे कोणी ? वनरक्षक एक असतो व त्याची फेरी लांब. त्याच रानाच्या कडेस ज्यांचीं शेतें आहेत, जे रोज त्या बांधावरून जातात, त्यांच्या डोळ्यांखेरीज हें काम होणें नाहीं.

पाहणी कशी करावी

पाहणीस विद्वत्ता लागत नाहीं, नेमस्तपणा लागतो. आमची सूचना पुढीलप्रमाणें आहे.

बांधावरील किंवा रानाच्या कडेचीं दहा झाडें निवडावीं व त्यांस रंगानें आंकडे घालावे. दरवर्षीं हींच झाडें पाहावयाचीं. मृगापासून हस्तापर्यंत आठवड्यांतून एक दिवस ठरवावा. बाजाराचा दिवस ठरविला तर विसर पडत नाहीं. प्रत्येक झाडाच्या हातीं येणाऱ्या दोन फांद्या पाहाव्या : पानें कोवळीं कीं जून, कडेस दुमडी आहेत काय, जाळी आहे काय. मग जशी पिकाची आणेवारी काढतात तशी पानांची काढावी; चार आणे खाल्लीं, आठ आणे, बारा आणे कीं सर्व. उंच झाडाचा शेंडा दिसत नाहीं. त्यासाठीं खालीं एक पांढरें कापड रात्रभर पसरून ठेवावें. सकाळीं त्यावर अळ्यांच्या लेंड्यांचे काळे दाणे पडलेले दिसतील. ते दिवसेंदिवस वाढूं लागले तर वर अळी वाढत आहे.

वहींत तारीख, पाऊस, पानांची स्थिति, किडीची खूण व आणेवारी एवढेंच लिहावें. ओळख पटली नाहीं तर मोबाइलवर पानाचें दोन्ही बाजूंनीं छायाचित्र घ्यावें व तारखेसह ठेवावें. "कांहीं आढळलें नाहीं" हीही नोंदच आहे. ती न चुकतां करावी. कीड नसलेल्या वर्षांच्या नोंदीवांचून कीड असलेलें वर्ष ओळखूं येत नाहीं.

बुंधेही पाहावे. भोंक, त्यांतून पडणारा भुसा किंवा रस दिसल्यास ती खोडकिडीची शंका समजावी. केरळांत सागाच्या खोडांत शिरणाऱ्या एका अळीचा उपद्रव फांद्या तोडून जखमा झालेल्या झाडांवर विशेष आढळला. म्हणून सरपणासाठीं किंवा पाल्यासाठीं सागाच्या फांद्या ओरबाडण्याची चाल सोडावी. छाटणी करावयाचीच तर धारदार हत्यारानें, झाड कोवळें असतांना, बुंध्याशीं सपाट करावी.

या संवयीचा लाभ पिकासही होतो. हुमणीचे भुंगेरे मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर संध्याकाळीं जमिनींतून निघून कडुनिंब व बाभळीवर जमतात, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्या चार रात्रीं फांद्या हालवून खालीं पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यांत टाकले तर भुईमूग व ऊंस यांच्या मुळांवरील अरिष्ट पुष्कळ टळतें. झाड हें अशा रीतीनें शेताचें पहारेकरी आहे. त्याच्याकडे पाहणारा पाहिजे.

नोंदीचा उपयोग एकट्यानें करण्यापेक्षां गांवानें करावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक वनसंपत्तीचें रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळूं शकतो व नंदुरबार जिल्ह्यांत असे हक्क अनेक गांवांस मिळालेही आहेत. अशा गांवांनीं रानाच्या चार बाजूंस दहा दहा झाडें नेमून एक वही ग्रामसभेंत ठेवावी. खात्याकडे "रानास कीड लागली" असें तोंडीं सांगणें निराळें, आणि पांच वर्षांची वही पुढें ठेवणें निराळें.

औषधासंबंधीं दोन शब्द

दहा वर्षांच्या आंतील झाडें, कोवळी पालवी व कडेस दुमडी असलेलीं पानें अशा तिन्ही गोष्टी एकत्र आढळल्या तरच उपायाचा विचार करावा. लहान झाडांवर पांच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्यास पांच किलो निंबोळीचा अर्क, अळी लहान असतांना फवारावा. झाडें हाताबाहेर उंच असतील तर फवारणीच्या नादीं लागूं नये. कोश मारण्यासाठीं पालापाचोळा जाळणें तर मुळींच नको. त्या आगींत किडीपेक्षां रोपें व किडीचे शत्रुच अधिक मरतात.

आतां कळसाडीच्या पत्राचें उत्तर. आम्हीं त्यांस लिहिलें कीं, झाडें मरणार नाहींत. फाल्गुनांत तीं निष्पर्ण होतील व पावसाबरोबर पुन्हां पालवतील. औषध घेऊं नये, तो पैसा राखून ठेवावा. भाद्रपदांतील जाळीनें मुलीच्या लग्नाच्या लाकडास फारसा धोका नाहीं. धोका असलाच तर तो आषाढांत, पेरणीच्या घाईंत, कोणी पाहत नसतांना येऊन जात असावा, आणि तो आला होता कीं नाहीं हें आज आम्हीही सांगूं शकत नाहीं व तेही नाहीं. दहा वर्षांतील किती वाढ गेली हा हिशोब आतां लागणें नाहीं. पुढील दहा वर्षांचा मात्र लागूं शकेल.

त्यांचें उलट उत्तर नुकतेंच आलें आहे. दहा झाडांस आंकडे घातले असून वही मुलीच्या हातीं दिली आहे, असें ते लिहितात. येत्या आर्द्रेंत तिची पहिली नोंद होईल. आमच्या इतर वाचकांनींही आपापल्या बांधावर असाच आरंभ करावा व हस्त संपल्यावर आपल्या नोंदी या मासिकाकडे पाठवाव्या. त्या गांववार एकत्र करून प्रसिद्ध करण्याचें काम आम्ही आनंदानें पतकरूं.